वाचकांचे प्रश्न : हात धुण्याची फिरती सोय

मागील अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की गावात, शाळेत किंवा व्यवसायाच्या जागी हात धुण्याची हलवता येण्याजोगी सोय उभी करताना कोणत्या अडचणी येतात. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी नळाविषयी विचारले आहे : पायाने चालणारा घ्यावा की सेन्सरचा, स्टीलचा की प्लास्टिकचा. नळ किंवा तोटी हा या संपूर्ण रचनेतील सर्वांत सोपा भाग आहे, असे माझे मत आहे. पाणी कोण आणि कशाने भरणार, साबण दुसऱ्या दिवशी जागेवर कसा राहणार आणि हातांवरून खाली पडलेले पाणी कुठे जाणार, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय काढलेला आराखडा कागदावरच राहतो. पुढील उत्तरे या दृष्टीने वाचावीत.

प्रश्न : आमच्या गावात आषाढी वारीत पालखीचा मुक्काम असतो. संध्याकाळी दोनएक तासांत सुमारे पाच हजार वारकरी पंगतीला बसतात. ग्रामपंचायतीने पेडलवर चालणारी स्टीलची दहा हँडवॉश स्टेशने विकत घ्यावीत असा प्रस्ताव आहे. ती पुरतील का? (ग्रामपंचायत सदस्य, माळशिरस तालुका)

उत्तर : ती पुरणार नाहीत, आणि का पुरणार नाहीत हे साध्या हिशेबाने ग्रामसभेपुढे मांडता येईल. एक माणूस स्टेशनपाशी येतो, हात ओले करतो, साबण लावतो, चोळतो, धुतो आणि बाजूला होतो, याला साधारण एक मिनिट लागते. दहा स्टेशनांवर मिनिटाला दहा, म्हणजे दोन तासांत १,२०० माणसांचे हात धुऊन होतील. उरलेले ३,८०० लोक रांग पाहून तसेच पंगतीला बसतील. त्यांना दोष देता येणार नाही, कारण दिवसभर चालून आलेल्या माणसाने जेवणाआधी आणखी अर्धा तास उभे राहावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे साबण आणि पाणी एकमेकांपासून वेगळे करणे. हात धुताना खरा वेळ चोळण्यात जातो. किमान वीस सेकंद चोळणे आवश्यक आहे आणि त्या वेळी माणसाने पाण्याच्या धारेपाशी उभे राहण्याची काहीच गरज नसते. म्हणून रांगेच्या सुरुवातीलाच दोन स्वयंसेवकांनी प्रत्येकाच्या तळहातावर साबणाचे पाणी द्यावे, वारकऱ्यांनी चालता चालता हात, बोटांच्या बेचक्या आणि नखांभोवतीची जागा चोळावी आणि धारेखाली फक्त हात धुण्यासाठी यावे. असे केले की एका धारेपाशी एक माणूस वीस सेकंदच थांबतो आणि त्याच धारेवर तिप्पट माणसे होतात.

साबणाच्या पाण्यासाठी दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम साधी कपडे धुण्याची पावडर मिसळावी. बांगलादेशात गरीब वस्त्यांमध्ये हे मिश्रण बरेच वापरले गेले आहे आणि ते साबणाच्या वडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने बारीक छिद्र पाडले की तीच बाटली पिचकारीसारखी वापरता येते. प्रत्येकाला पाच मिलिलिटर दिले तर एका बाटलीत ३०० माणसे होतात, म्हणजे पाच हजार माणसांना सतरा बाटल्या आणि जेमतेम अर्धा किलो पावडर लागते. आपल्या भागात बोअरचे पाणी जड असेल तर वडीच्या साबणाला फेस येत नाही आणि हातांवर चिकट थर राहतो. ही पावडर जड पाण्यातही काम करते, हा तिचा आणखी एक फायदा आहे.

दुसरा उपाय म्हणजे या गर्दीसाठी स्वतंत्र नळ न बसवणे. आपल्याकडे शेतात वापरतात तो सहा मीटर लांबीचा दीड इंची पीव्हीसी पाइप घ्यावा, तो लोखंडी घोड्यांवर किंवा बांबूच्या कैच्यांवर साधारण ८५ सेंटिमीटर उंचीवर आडवा बांधावा, एक टोक बुचाने बंद करावे आणि दोन्ही अंगांना साठ-साठ सेंटिमीटर अंतरावर खालच्या बाजूने दोन मिलिमीटरची छिद्रे पाडावीत. एका पाइपाला अशा वीस धारा होतात, दोन पाइपांना चाळीस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवलेल्या टाकीतील पाण्याची पातळी पाइपाच्या मीटरभर वर असेल, तर दोन मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर पाणी पडते. वीस सेकंदांत दीडशेच्या वर मिलिलिटर पाणी हातांवर येते आणि साबण निघून जाण्यास ते पुरते. चाळीस धारा दोन तास अखंड चालू ठेवल्या तरी सुमारे २,४०० लिटर पाणी लागते, म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरचेही निम्मेच. पहिल्या अर्ध्या तासात निम्मे लोक येतात असे धरले तर २८ धारा लागतात, तेव्हा चाळीस धारांत गर्दी तुंबणार नाही. हात लावण्यासारखा नळच नसल्याने मळलेल्या हाताने उघडून धुतलेल्या हाताने बंद करण्याचा प्रश्नही उरत नाही. टाकीपाशी एकच मुख्य व्हॉल्व ठेवावा, तो सुरुवातीला थोडा आवळून ठेवावा आणि पातळी खाली जाईल तसा मोकळा करावा. छिद्राचा आकार मात्र मोजून पाडावा. तीन मिलिमीटरचे छिद्र पाडले की पाणी दुपटीहून अधिक जाते आणि टँकर जेवणाच्या मध्येच संपतो. दोन मिलिमीटरच्या छिद्रात कचरा अडकतो, म्हणून टाकीच्या तोंडाशी ठिबक सिंचनाचा जाळीचा फिल्टर लावावा. तो आपल्याकडे कोणत्याही ठिबकच्या दुकानात मिळतो आणि ट्रॅक्टर असलेल्या बहुतेक घरी एखादा पडून असतो.

आता सांडपाणी. आषाढात जमीन आधीच भिजलेली असते आणि काळ्या मातीत तर ओली झाल्यावर पाणी जवळजवळ मुरतच नाही. जागेवर शोषखड्डा करून २,४०० लिटर पाणी त्या संध्याकाळीच जिरेल अशी आशा धरू नये. पाइपाखाली पत्र्याची किंवा उभ्या चिरलेल्या मोठ्या पाइपाची पन्हळ लावावी, तिला उतार द्यावा आणि पाणी उताराच्या बाजूला शेताच्या चरीत किंवा झाडांकडे न्यावे. विहीर किंवा हातपंप तेथून किमान १५ मीटर दूर असला पाहिजे. लोक उभे राहतात त्या पट्ट्यावर मुरूम आणि वर खडी पसरावी. वारीत वयस्क माणसे खूप असतात आणि हात धुण्याच्या जागी घसरून पडणे हा आजारापेक्षाही तातडीचा धोका असतो. एका पाइपाचा शेवटचा दीड मीटरचा भाग साठ सेंटिमीटर उंचीवर आणावा, म्हणजे वाकू न शकणाऱ्यांना स्टुलावर बसून हात धुता येतील.

जेवणाची जागा झाली, पण शौचालयांपाशी काय, हे आपल्या पत्रात नाही. तेथे गर्दी कमी असते, पण ती रात्रभर आणि पहाटे सर्वाधिक असते, आणि आजार पसरण्याच्या दृष्टीने ती जागा पंगतीइतकीच महत्त्वाची आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेला पटकीच्या साथीची सावली कायम असे. आज पटकी मागे हटली असली तरी अतिसार, कावीळ आणि टायफॉइड हे याच वाटेने पसरतात. फिरत्या शौचालयांच्या प्रत्येक रांगेपाशी तोटीची वीस लिटरची दोन-तीन पिंपे, साबणाच्या बाटल्या आणि एक दिवा ठेवावा. अंधारात न दिसणारी सोय नसल्यासारखीच असते. प्रस्तावातील दहा स्टेशनांच्या पैशांत पाइप, घोडे, फिल्टर, पिंपे आणि त्या रात्री पाणी भरणाऱ्या दोन माणसांची मजुरी हे सर्व बसेल, असा माझा अंदाज आहे. त्यातील मजुरीचा खर्च कृपया वगळू नये.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकतो. प्रकल्पासाठी आम्ही सेन्सर आणि सौर पॅनेल असलेले हँडवॉश स्टेशन करणार आहोत. आराखडा कसा सुधारावा? (विद्यार्थी, सांगली)

उत्तर : आपण आराखडा सोबत पाठवला हे चांगले झाले. त्यात सेन्सर, पंप, बॅटरी, पॅनेल आणि नियंत्रक असे पाच भाग आहेत. त्यांपैकी एक बंद पडला की पाणी बंद, आणि तो दुरुस्त करणारा माणूस बसस्थानकावर किंवा आठवडी बाजारात सापडणार नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात पायाने चालणारी स्टेशने देशभर झपाट्याने बनली, कार्यालयांच्या दारात उभी राहिली आणि त्यांतील पुष्कळशी आज गंजून कोपऱ्यात पडली आहेत. ती का पडली हे पाहणे हाच आपल्या प्रकल्पाचा पहिला भाग असावा. जवळपासची पाच-सहा स्टेशने शोधावीत आणि काय तुटले याची नोंद करावी. मला सर्वाधिक वेळा दिसलेली कारणे अशी : पेडल फ्रेमला थेट वेल्ड केलेले असल्याने सांध्यावर तडकले, नळातला वायसर झिजून गळती सुरू झाली आणि ती थांबवण्यासाठी कोणीतरी पाणीच बंद केले, किंवा टाकी डोक्याच्या वर असल्याने भरायला शिडी लागत होती म्हणून कोणी भरलीच नाही.

एक आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. दिवसाला ५०० माणसांनी हात धुतले आणि प्रत्येकाने पेडल दोनदा दाबले, तर महिन्याला ३०,००० वेळा तो सांधा हलतो. आपल्या कार्यशाळेत एखादी मोटर आणि क्रँक लावून तेवढ्या वेळा पेडल दाबून पाहावे, आणि मगच आराखडा पक्का करावा. सायकलच्या ब्रेकची तार, सायकलचीच स्प्रिंग आणि बोल्टवर फिरणारे पेडल हे भाग तालुक्याच्या कोणत्याही सायकल दुकानात मिळतात आणि पाना-पक्कड वापरू शकणारा कोणीही ते बदलतो. केनियात नऊ वर्षांच्या एका मुलाने २०२० मध्ये लाकूड, खिळे आणि छोटी टाकी वापरून पायाने चालणारे असे यंत्र बनवले आणि त्याला तेथील राष्ट्राध्यक्षांकडून सन्मान मिळाला. त्या यंत्रातला प्रत्येक भाग गावातल्या माणसाला समजणारा होता, हे मला त्याचे सर्वांत मोठे यश वाटते.

आता टाकीच्या जागेविषयी. पाणी वर ठेवून खाली सोडले तर पंप लागत नाही, पण दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन. ते सव्वा मीटर उंचीवर, चाकांच्या फ्रेमवर, उतारावर उभे असताना एखादे मूल लोंबकळले तर काय होईल याचा विचार करावा. वरची टाकी वीस ते तीस लिटरचीच असावी, म्हणजे कमरेच्या उंचीवरून कळशीने भरता येईल. याहून जास्त साठा हवा असेल तर तो जमिनीलगत ठेवावा आणि नौकांत किंवा फिरत्या घरगाड्यांत वापरतात तसा पायपंप लावावा. त्यातील रबरी पडदा हा मुख्य झिजणारा भाग असतो आणि त्याचे दोन जादा नग स्टेशनाबरोबरच द्यावेत. भरलेले स्टेशन चारही बाजूंनी दहा अंश तिरके करून पडत नाही ना, ही चाचणी अहवालात असायलाच हवी.

प्रवाहाचे गणित आपण घेतलेले नाही. छिद्रावरील पाण्याची उंची चौपट झाली की प्रवाह दुप्पट होतो. टाकी पूर्ण भरलेली असताना धार जोरात येऊन पाणी वाया जाते आणि तळाशी आल्यावर इतकी बारीक होते की लोक साबण न काढताच निघून जातात. म्हणून टाकी उंच आणि अरुंद न करता बुटकी आणि रुंद करावी. तीस सेंटिमीटर पाण्याखाली तीन मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला सुमारे ६०० मिलिलिटर पाणी येते, दहा सेंटिमीटरवर सुमारे ३५०. दोन्ही टोकांना हात धुता येतील असा हा पल्ला आहे. शिवाय रेल्वेच्या डब्यातील नळासारखा, एका हाताने दाबून धरावा लागणारा नळ घेऊ नये, कारण त्याखाली दोन्ही हात एकत्र चोळता येत नाहीत. सेन्सरची कल्पना रुग्णालयासारख्या, वीज आणि देखभालीचा माणूस दोन्ही असलेल्या जागेसाठी राखून ठेवावी. तेथे तिचा खरोखर उपयोग आहे.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत १२० मुले आहेत. पोषण आहाराआधी सर्वांचे हात धुऊन घेणे जमत नाही. इमारतीचे काम चालू असल्याने कायमचे नळकोंडाळे दोन वर्षे तरी होणार नाही. काय करावे? (मुख्याध्यापिका, अकोले तालुका)

उत्तर : प्रत्येक मुलाला ४० सेकंद धरले आणि दहा मिनिटांत सर्वांचे हात धुऊन व्हायचे असतील, तर आठ धारा लागतात. वर सांगितलेल्या पाइपाचीच लहान आवृत्ती येथे चालेल. अडीच मीटरचा पाइप, दोन्ही अंगांना चार-चार छिद्रे, आणि तीस-पस्तीस लिटरची टाकी. मुलांचा गट लहान आणि ओळखीचा असल्याने साबण येथे पाइपालाच टांगता येईल. जुन्या पायमोज्यात किंवा नायलॉनच्या जाळीत वडी घालून दोरीने बांधली की ती चिखलात पडत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि घरीही जात नाही. उंचीकडे लक्ष द्यावे. पहिलीच्या मुलाला ५० ते ५५ सेंटिमीटर सोयीचे पडते, सातवीच्या मुलाला ७५. पाइपाचा एक घोडा त्याप्रमाणे बुटका केला तर पाइप तिरका राहतो आणि लहान-मोठी मुले आपापली जागा आपोआप निवडतात. टाकी उंच टोकाकडे ठेवावी. खालच्या टोकाकडील धारा थोड्या जोरात येतील, त्यांची छिद्रे किंचित बारीक पाडावीत.

मुले हात धुतील का, हा यापेक्षा मोठा प्रश्न आहे, आणि त्यावर बांगलादेशातील एका प्रयोगाचा निष्कर्ष मी प्रत्येक शिक्षकाला सांगत असतो. तेथील दोन प्राथमिक शाळांत शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत रंगीत वाट आणि तिच्यावर पावलांचे ठसे रंगवले, हात धुण्याच्या जागी हातांचे ठसे काढले. कोणतेही भाषण किंवा धडा दिला नाही. शौचानंतर साबणाने हात धुणाऱ्या मुलांचे प्रमाण आधी ४ टक्के होते, दुसऱ्या दिवशी ते ६८ टक्के झाले आणि सहा आठवड्यांनंतर ७४ टक्के होते. आपल्या शाळेत रंगाचा एक डबा आणि चित्रकलेचा एक तास एवढ्यात हे होण्यासारखे आहे. स्टेशन हलवता येणारे असले तरी शाळेत त्याची जागा रोज तीच ठेवावी, नाहीतर पावलांची वाट रिकाम्या जागी जाऊन थांबेल.

पाणी भरण्याची पाळी वर्गवार लावावी आणि ती भिंतीवर लिहून ठेवावी. ही पाळी मुलींवरच किंवा ठरावीक घरांतील मुलांवरच येणार नाही, याची काळजी आपण स्वतः घ्यावी. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला, त्या राज्यातल्या शाळेत पाण्याचे काम जातीवरून वाटले जाणे ही गोष्ट एक दिवसही खपवून घेता कामा नये. वरच्या वर्गातील दोन मुले मिळून दहा लिटरची बादली आणतात, त्यापेक्षा जास्त वजन लहान मुलांना देऊ नये.

१५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन असतो. २००८ पासून तो पाळला जातो आणि त्या निमित्ताने शाळांना साहित्यही मिळते. आपल्याला काही मिळणार असेल तर नवे स्टेशन मागण्याऐवजी वर्षभराचा साबण मागावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शाळेत आणि अंगणवाडीत हात धुण्याची सवय लावली तर मुलांतील अतिसार सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसले आहे. तो परिणाम रोजच्या साबणाचा आहे.

प्रश्न : मी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करते. टोळी दर काही दिवसांनी फड बदलते, कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) उठवल्या जातात. तेथे काय उपयोगी पडेल? पाणी बायकांना लांबून आणावे लागते. (कार्यकर्ती, बीड जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. जेथे प्रत्येक कळशी बाईच्या डोक्यावरून येते, तेथे हात धुण्याची सोय कमीत कमी पाणी घेणारी असली पाहिजे, नाहीतर ती तिच्या कामात भर घालेल आणि ती ते योग्य कारणाने नाकारेल. तांब्याने पाणी ओतून हात धुताना अर्धा लिटर सहज जाते आणि ओतायला दुसरा माणूस लागतो. बारीक धारेखाली तेच काम दीडशे-दोनशे मिलिलिटरमध्ये होते.

झिंबाब्वेमध्ये १९८० च्या दशकात डॉ. जिम वॉट यांनी टांगलेला सुका भोपळा वाकवला की पाण्याची बारीक धार पडते, अशी एक युक्ती प्रचारात आणली. पुढे प्लास्टिकच्या कॅनमध्ये ती ‘टिपी टॅप’ या नावाने आफ्रिकेत आणि आशियात पसरली. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्यावा, साबणाने आतून नीट धुवावा, तापवलेल्या खिळ्याने तोंडाच्या खाली चार बोटांवर एक छिद्र पाडावे. दोन बेचकी असलेल्या काठ्या जमिनीत रोवून त्यांच्यावर आडवी काठी ठेवावी आणि कॅन तिच्यात मुठीने ओवावा. कॅनच्या गळ्याला दोरी बांधून तिचे दुसरे टोक जमिनीवरच्या लहान काठीला बांधावे. ती काठी पायाने दाबली की कॅन वाकतो आणि धार पडते, पाय उचलला की पाणी थांबते. साबण शेजारी दोरीने टांगावा. मुक्काम हलला की कॅन आणि दोरी बैलगाडीत टाकता येते, काठ्या नव्या जागी मिळतात.

यात कमकुवत भाग दोरी हा आहे. सुतळी ओली राहून आठवड्याभरात कुजते, म्हणून नायलॉनची दोरी वापरावी. एका कोपीला एक कॅन असेल तर तो भरला जातो आणि सांभाळला जातो. दहा कोप्यांना मिळून एक ठेवला तर तो कोणाचाच राहत नाही, असे बहुतेक ठिकाणी दिसते. जागा निवडताना मुलांचा विचार करावा. चुलीजवळ, आई जेथे भाकरी थापते तेथे एक कॅन असेल तर स्वयंपाकाआधी आणि मुलाला भरवण्याआधी हात धुतले जातात. खाली पडणाऱ्या पाण्याखाली दगड-गोटे भरलेला वीतभर खड्डा पुरे. कॅनला झाकण असावे आणि आठवड्यातून एकदा तो पूर्ण रिकामा करून वाळवावा. गावांत डासांसाठी कोरडा दिवस पाळतात तोच नियम येथेही लागू आहे, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी या कामाला कदापि घेऊ नये. फडावर असे कॅन सर्रास पडलेले असतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

कॅन देणे आपल्या हातात आहे, पण मुक्कामाच्या जागी पाणी पोहोचवणे ही कारखाना आणि मुकादम यांची जबाबदारी आहे. आपल्या मागण्यांच्या यादीत हात धुण्यासाठीचे पाणी स्वतंत्रपणे मोजून लिहावे. सहा माणसांच्या कोपीला, प्रत्येकी दिवसातून पाच वेळा आणि प्रत्येक वेळी २०० मिलिलिटर धरले, तर रोज सहा लिटर पाणी होते. ही मागणी लहान आहे आणि आकडा लिहिलेला असला की ती टाळणे अवघड जाते.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा सर्वत्र सॅनिटायझर ठेवले तर? (पुणे)

उत्तर : सॅनिटायझरमध्ये ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असेल आणि हात दिसायला स्वच्छ असतील तर ते उपयोगी आहे, रुग्णालयात तर आवश्यकच आहे. पण माती, तेल, शेण किंवा अन्न लागलेल्या हातांवर त्याचा परिणाम कमी होतो, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या काही जंतूंवर ते नीट चालत नाही आणि चुलीपाशी ते पेट घेऊ शकते. बाजार, शाळा, फड आणि पंगत येथे साबण आणि पाणी यांना पर्याय नाही. पाणी पिण्याच्या प्रतीचे नसले तरी चालते, ते नितळ असावे आणि साबण असावा.

प्रश्न : माझी भेळ-पाणीपुरीची हातगाडी आहे. गाडीवर जागा नाही, जवळ नळ नाही. ग्राहक आता हात धुण्याविषयी विचारतात. (नाशिक)

उत्तर : आपल्याला विचारावेसे वाटले याचा आनंद आहे. घानामध्ये वेरोनिका बेको या जीवशास्त्रज्ञ महिलेने प्रयोगशाळेतील सहकारी एकाच भांड्यातल्या पाण्यात हात बुडवतात हे पाहून एक साधी बादली तयार केली : झाकणाची बादली, तळाशी तोटी, ती ठेवायला स्टूल आणि खाली पाणी धरायला दुसरे भांडे. तेथे तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली तेव्हा तोटी लावलेल्या अशाच बादल्या दुकानांच्या आणि कार्यालयांच्या दारोदार दिसू लागल्या, आणि करोनाच्या काळात घानात या बादलीने पुन्हा घर केले.

आपल्याकडे घरोघरी असलेला तोटीचा स्टीलचा पिंप हीच ती वस्तू. दहा लिटरचा पिंप गाडीच्या चाकाच्या बाजूला, लोखंडी कडीत बसवून टांगता येतो, म्हणजे वरची जागा जात नाही. तोटी वर-खाली दांड्याची घ्यावी, फिरवायची नको. दांडा कोपराने किंवा मनगटाने दाबता येतो, त्यामुळे पैसे घेतलेल्या बोटांचा स्पर्श तोटीला होत नाही. आपण स्वतः पैसे घेतल्यावर पुरीला हात लावण्याआधी दर वेळी हात धुणे गर्दीत शक्य होणार नाही. त्यावर खरा उपाय म्हणजे पैसे घेणारा माणूस वेगळा ठेवणे किंवा क्यूआर कोड लावणे, आणि हात धुण्याची सोय काम सुरू करताना, मसाला कालवण्याआधी, नाक-तोंड पुसल्यावर आणि लघुशंकेहून आल्यावर न चुकता वापरणे. ग्राहकांसाठी तोच पिंप पुरतो, त्यांच्या बाजूला साबणाच्या पाण्याची बाटली ठेवावी.

खालचे भांडे पिंपापेक्षा मोठे असले पाहिजे, म्हणजे बारा लिटरची झाकणाची बादली. वरच्या पिंपातले सर्व पाणी शेवटी तिच्यातच येते, आणि ती लहान असली की ऐन गर्दीत भरून वाहते व गाडीपुढे चिखल होतो. रात्री ही बादली पावसाळी गटारात ओतू नये, ते पाणी थेट नाल्याला आणि गोदावरीला मिळते. सार्वजनिक शौचालयाच्या मोरीत किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ती रिकामी करावी आणि पिंप उलटा टांगून, तोटी उघडी ठेवून वाळू द्यावा.